पागनिसांची सनद सोडवून आणिली आणि शाल मिळविली तो मजकूर

शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. लष्कर ग्वाल्हेर येथें पागनिसांचे घरीं जी मोहीम जाहली तिची ही हकीकत. मोहिमेचे मुळाशीं एक इशारत आहे, सबब तीच प्रथम लिहिली असे.

इशारत देणार मुंशी अभिराम, वकीलसाहेबांचे पदरीं अडतीस वर्षें चाकरी केलेले, दाव्यांचे कागदांच्या कसल्याही बस्त्याची गांठ एका हातानें सोडणारे. आणि ऐकणार वकीलसाहेबांच्या सूनबाई सौभाग्यवती हेमांगीबाई, एम. ए., ज्या त्या समयीं जिन्यावर होत्या, कडेवर अडीच वर्षांची कन्या सीमंतिनी आणि हातीं दुधाची पिशवी. मुंशीजींनीं दोन पायऱ्या चढून, आवाज उतरवून अर्ज केला कीं, "बहूजी, ये शाल मत दिलवाओ. ये शाल नहीं है, छुट्टी का परवाना है. पोतनीस साहब को मिली थी ना पिछले साल? फिर किसी ने देखा उन्हें कचहरी में?"

बाईंनीं उत्तर केलें, "मुंशीजी, आप भी ना," आणि दूध नासेल म्हणून वरतीं निघून गेल्या. हें उत्तर येथें जसेंच्या तसें नोंदविलें, कारण पुढें बाईंस तें वारंवार आठवलें.

आतां शाल कोणती, तो मजकूर. राजश्री बळवंतराव पागनीस, वय वर्षें शाहत्तर, दिवाणी दाव्यांतील मातबर वकील. कचेरीचे आवारांत कडुनिंबाखालीं अकरा नंबरचें तख्त त्यांचें. तख्त म्हणजे लांकडी चौकीच, एका पायास वीट लाविलेली. परंतु त्याच चौकीवरून त्यांणीं पन्नास वर्षें कुल लष्कर शहराच्या भिंती, बोळ, गच्च्या आणि गटारें यांचे हक्क राखिले आणि कित्येकांचे घालविलेही. रोज सकाळीं साडेनवास नई सडकेच्या मागील गल्लींतून खासा स्वारी निघे. मस्तकीं कानटोपी, तिजवर हेल्मेट, अंगीं काळा कोट, आणि खालीं बजाजची स्कूटर, जी चार लाथा बसल्यावांचून हुकूम मानीत नसे. सासूबाई कैलासवासी होऊन सहा वर्षें झालेलीं, पति समरजीतराव इंदुरास नोकरीवर, शनिवारीं येणार. तेव्हां सासऱ्यांची आणि कन्येची कुल जोखीम हेमांगीबाईंचे शिरीं होती. आणि बाईंचा स्वभाव ऐसा कीं, कन्येस ताप नसतांही दिवसांतून तीनदां ताप पाहावा, शेंगदाणा दिसतांच घशांत अडकलेला दिसावा, आणि स्कूटर निघाली म्हणजे सज्ज्यांत उभें राहून तिचा आवाज वळणापलीकडे जाईतों कान लावावा. धुकें पडूं लागलें कीं कान लावण्याची घटका दुप्पट होई.

ऐशांत कार्तिक शुद्ध त्रयोदशीस ज्येष्ठ वकील सन्मान मंडळाचे सरचिटणीस दिग्विजयसिंह यांचा खलिता फोनावर आला. मजकूर हा कीं, ज्यांचे वकिलीचे सनदेस पन्नास वर्षें पुरीं जाहलीं त्यांस इंग्रजी तारीख तीन डिसेंबर, वकील दिनीं, शाल, श्रीफळ आणि चांदीची तबकडी देऊन गौरवावें, आणि त्यांची तसबीर सभागृहाचे भिंतीवर लावावी. खालीं अकरा नांवें. त्यांत बळवंतरावांचें नांव नव्हतें.

वकीलसाहेबांनीं फर्माविलें कीं, मला काय करायचीय शाल, घरांत चार आहेत. परंतु बाई सावध. त्यांणीं पाहिलें कीं यादी दोन बोटांनीं मोठी करून तीनदां वाचिली गेली, आणि मग रात्रीच्या जेवणांत वरणभात तसाच राहिला, आणि मग सकाळीं कोटाचीं बटणें कोणास न सांगतां पक्कीं करून घेतलीं. तेव्हां बाईंनीं मनांत मोहिमेचा निश्चय केला. आणि खरें तें लिहिलें पाहिजे, सबब हेंही लिहितों कीं, निश्चयाच्या तळाशीं बाईंचा एक आपला डाव होता. एकदां मानसन्मान जाहला म्हणजे म्हातारा माणूस समाधानानें घरीं बसेल, धुक्यांत स्कूटर निघणार नाहीं, आणि सीमंतिनीस दुपारीं सोबत होईल. हा डाव त्यांणीं समरजीतरावांसही सांगितला नाहीं.

मग शोध केला कीं नांव कां नाहीं. दिग्विजयसिंहांकडून जाब आला कीं, पन्नास वर्षांचा पुरावा म्हणजे अस्सल सनद. नक्कल चालणार नाहीं. पागनीस साहेबांनीं अस्सल दाखविली नाहीं. आणि अस्सल सनद घरांत नव्हती. भिंतीवर तिची चौकट होती, तींत गणपतीचें चित्र होतें.

सनद गेली कोठें, ही कथा ऐसी. नई सडकेवर दोन भावांचें एक दुकान, दुकानास तीन पायऱ्या, आणि त्या पायऱ्या कोणाच्या याबद्दल दावा. एका भावाकडून बळवंतराव, दुसऱ्याकडून विश्वासराव पोतनीस, दोघेही दक्खनी, दोघेही ताठ. सन सत्याऐंशीचे एके तारखेस विश्वासरावांनीं भर इजलासांत, मुन्सफांसमोर, हरकत घेतली कीं, पागनिसांचे वकीलपत्राचा भरंवसा काय, हे वकील तरी आहेत कीं नाहींत. दुसरा कोणी असता तर हसून नक्कल पुढें करिता. बळवंतराव तेथून उठले, घरीं आले, भिंतीवरची चौकट उतरविली, काच काढिली, आणि अस्सल सनद नेऊन मुन्सफांपुढें आपटली कीं मूळच पहा. ती निशाणी चौदा म्हणून दाव्यांत दाखल जाहली आणि तेथेंच राहिली. पुढें दोन्ही भाऊ वारले, त्यांचीं मुलें त्याच दुकानांत भागीदार होऊन एका किटलीचा चहा पिऊं लागलीं, परंतु दावा चालूच, कारण तारीख पडत होती. नक्कल ठेवून अस्सल परत घेतां येत होती. अट एकच, विश्वासरावांची ना-हरकत. ती मागणें बळवंतरावांस सदतीस वर्षें कमीपणाचें वाटलें. जबलपुरास वकील परिषदेकडून दुय्यम सनद मागवावी तर हातीं दिवस एकोणीस.

सबब हेमांगीबाई स्वतः विश्वासरावांचे वस्तीवर, हरिशंकरपुरमवर, चालून गेल्या.

ना-हरकतीचा मसुदा मुंशीजींनीं लिहून दिला. बाई कन्येस कडेवर घेऊन, पिशवींत पाण्याची बाटली, लंगोट, थर्मामीटर, केळें ऐसा तोफखाना भरून ई-रिक्षांत बसल्या. महाराज बाड्यावर गाड्या एकमेकींत अडकून तीन घटका मुक्काम पडला, तेथें केळें संपलें आणि कन्येनें शेजारणीची ओढणी चघळली. मग पोतनिसांचे दारीं गेल्या. घंटी एकदां वाजली नाहीं तोंच दार उघडलें. खुद्द विश्वासराव, वय एकोणऐंशी, खालीं पायजमा आणि वर काळा कोट. बाईंस हंसूं आलें, तें त्यांणीं आवरिलें.

विश्वासरावांनीं बसविलें, चहा मांडिला, मसुदा घेतला, चष्मा पुसला, आणि मसुदा चार वेळां वाचिला. चौदा ओळींचा कागद, त्यास दोन तास लागले. मधून मधून सन सत्याऐंशीची हकीकत सांगितली, तींत पागनिसांचा अवतार कसा होता तो उठून करून दाखविला, आणि सीमंतिनी टाळ्या वाजवूं लागली म्हणून पुन्हां केला. शेवटीं निर्णय दिला कीं, यांत मयत वादीचे वारस दाखविलेले नाहींत. "परवा या," म्हणाले.

बाई परत फिरल्या. वारस घालून परवां पुन्हां चाल केली. या खेपेस विश्वासरावांनीं वाचतां वाचतां खिशांतलें निळें पेन आपले हातें सीमंतिनीस दिलें, आणि तिनें कागदाचे समासांत, पुढें मजकुरांत, आणि शेवटीं सहीच्या जागीं आपली स्वारी फिरविली. विश्वासरावांनीं गंभीर मुद्रेनें कागद उजेडास धरिला आणि बोलिले कीं, डागाळलेला कागद इजलासांत जात नाहीं, परवा या. बाईंस निश्चयें वाटलें कीं हा गनिमी कावा आहे, शत्रूनें पेन जाणून दिलें, सदतीस वर्षांचें वैर म्हातारा सुनेवर काढतो आहे. घरीं येऊन त्यांणीं समरजीतरावांस फोनावर ऐकविलें कीं, "अहो, एवढा चिकट माणूस मी पाहिला नाही. ऊपर से चहा पाजतो." समरजीतराव बोलिले कीं, जाने दो ना, बाबांना शालीशिवाय काय अडलंय. त्यावर बाईंनीं फोन ठेविला.

तिसरे खेपेस कागदांत खोट उरली नव्हती. विश्वासराव वाचून थांबले, पुन्हां वाचिलें, कागद उलटा करून पाठही पाहिली. मग सही केली, खालीं तारीख घातली, आणि शिक्का काढिला तों शाई वाळलेली, म्हणून शिक्क्यावर तोंडाची वाफ देऊन तो उमटविला. कागद हातीं देतांना विचारिलें, "आणखी काही कागद आहे का?"

बाई बोलिल्या, नाहीं, एवढाच.

"बघा पिशवीत. असेल एखादा."

बाईंनीं पिशवी पाहिली देखील नाहीं. कन्येची झोपेची वेळ टळत होती. नमस्कार करून त्या पायऱ्या उतरल्या, आणि गड हातीं आला या आनंदांत मागें वळून पाहिलें नाहीं. विश्वासराव दारांत कोट घालून रिक्षा वळेपर्यंत उभे होते, हें सीमंतिनीनें पाहिलें; परंतु तिची साक्ष कोण घेतो.

पुढें कचेरींत अर्ज गेला. मुन्सफ एक तरुण बाई, ज्यांचा जन्म या दाव्याच्या नंतरचा. त्यांणीं ना-हरकत पाहून हुकूम केला कीं नक्कल ठेवून अस्सल परत द्यावी. आणि सदतीस वर्षें जें अडलें होतें तें एका मिनिटांत सुटलें. बळवंतरावांस पोंच देण्यासाठीं बोलाविलें तेव्हां त्यांस ही मोहीम प्रथम कळली. रागावतील ऐसें बाईंस भय होतें. ते रागावले नाहींत. सनदेचा एक कोपरा उंदरांनीं नेला होता आणि टांचणीचा गंज मध्यावर उतरला होता, पण नांव शाबूत होतें. त्यांणीं ती उलटी केली. पाठीवर तांबड्या शाईनें त्यांचेच हातचें लिहिलें होतें, अस्सल दाखल, डोळे उघडून पहावें.

"बघ हेमांगी," ते म्हणाले, "केवढी मस्ती होती."

आणि ते हंसले, आणि बाईंस वाटलें कीं मोहीम येथेंच फत्ते जाहली. मुंशीजी मात्र खालीं मान घालून बस्ता बांधीत होते. त्या दिवशीं गांठ त्यांणीं दोन्ही हातांनीं मारिली.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, भौमवार. सभागृहांत दरबार भरला. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरां आले, तोंवर ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर डुलत होती. यादींत आतां बारा नांवें. शाली बारा, तबकड्या बारा, परंतु श्रीफळ एकच होतें. तें प्रत्येकाचे हातीं देऊन तसबीर घ्यावी आणि मागल्या बाजूनें परत घेऊन पुढिलाचे हातीं द्यावें, ऐसा बंदोबस्त दिग्विजयसिंहांनीं केला होता. बळवंतरावांनीं नारळ घट्ट धरिला, सोडीनात, तेव्हां स्वयंसेवकांनीं हळूच सोडविला. आणि पाहुण्यांनीं बारा जणांस बारा वेळां तेंच आशीर्वचन दिलें कीं, इन्होंने अपना जीवन न्याय को दिया, अब ये विश्राम करें. सभेनें बारा वेळां टाळ्या वाजविल्या. हेमांगीबाईंनींही वाजविल्या, कन्येचे हात धरून तिच्याही वाजविल्या. मुंशी अभिराम मागें भिंतीस टेकून उभे होते, हातीं स्कूटरची किल्ली.

ऐशा रीतीनें पागनिसांस शाल प्राप्त जाहली, सनद चौकटींत परत गेली, गणपतीस शेजारीं स्वतंत्र खिळा देण्यांत आला, आणि वकीलसाहेबांची तसबीर भिंतीवर दुसऱ्या ओळींत चौथी लागली. फत्तेची ही नोंद कायम केली असे.

यानंतर लूट येऊं लागली.

ग्वाल्हेरीं थंडी पडली म्हणजे तीळगुळाची मिठाई, गजक, निघतें, आणि पक्षकार वकिलास गजकेचा डबा देतात हा जुना रिवाज. एरवीं हंगामांत चार-पांच डबे येत. या खेपेस तीन दिवसांत सात आले. प्रत्येक पक्षकार यावा, पायां पडावा, भिंतीवरची तसबीर किती सुंदर आली तें सांगावें, डबा ठेवावा, आणि मग संकोचानें बोलावें कीं, "वकील साहब, अब आप आराम करो. फाइल हम ले जाते हैं, आपको काहे को तकलीफ." बळवंतराव बोलत, अवश्य, अवश्य. मुंशीजी बस्ता सोडून कागद काढून देत. हेमांगीबाई डबे फडताळांत रचीत होत्या, आणि सीमंतिनीस तीळ घशांत जातील म्हणून वरच्या फळीवर रचीत होत्या, आणि पहिल्या दिवशीं त्यांस अभिमानच वाटला. बारावा डबा ठेवितांना त्यांचा हात थांबला. त्यांणीं डबे मोजिले, मग खोलींत जाऊन भिंतीशीं ठेविलेले लाल बस्ते मोजिले, आणि त्यांस जिन्यावरची दुधाची पिशवी आठवली.

शेवटचे दोन डबे एकदमच आले. नई सडकेवरील तीन पायऱ्यांचे दोन्ही चुलतभाऊ जोडीनें आले आणि बोलिले कीं, दोन्ही वकील साहेब घरीं बसले, नवा वकील कोण करणार, तेव्हां आम्हीं आपसांत तोडगा केला, दोन पायऱ्या याच्या, एक माझी. चाळीस वर्षांचा दावा एका दुपारीं मिटला. त्या सायंकाळीं बळवंतरावांनीं शाल अंगावर घेतली. बोलिले कीं, ऊब आहे हिला. आणि दुसरे दिवशीं साडेनवास कानटोपी, हेल्मेट, कोट, सर्व चढवून ते जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन टेबलाशीं बसले. स्कूटरला लाथ बसली नाहीं. बाई सज्ज्यांत उभ्या होत्या. जो आवाज बंद व्हावा म्हणून त्यांणीं मोहीम केली, तो बंद होता, आणि बाईंस उभें राहवेना.

ऐसे अठरा दिवस गेले. कोट रोज चढे, टेबल रोज पुसलें जाई. एकोणिसाव्या दिवशीं सीमंतिनीच्या बालवर्गाचे प्रवेशासाठीं पत्त्याचें एक प्रतिज्ञापत्र लागलें. तें कोठेंही छापील मिळतें. बाईंनीं तें कोऱ्या कागदावर हातानें लिहिलें, पदर सारखा केला, दारावर टकटक केली, आणि आंत जाऊन पक्षकारानें ठेवावा तैसा कागद टेबलावर ठेविला. बळवंतरावांनीं चष्मा पुसला. कागद चार वेळां वाचिला. मग वर न पाहतां बोलिले,

"यात पत्ता अपुरा आहे. परवा या."

ज्या सुनेस रोज अगं म्हणत, तिला या म्हणाले. पत्ता अपुरा नव्हता. ते त्याच पत्त्यावर बसले होते. बाईंस हरिशंकरपुरमचा दरवाजा दिसला, आणि पिशवींत पहा असेल एखादा कागद म्हणणारा आवाज ऐकूं आला. "बरं, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. आणि त्याच दुपारीं कन्येस कडेवर घेऊन, तेंच प्रतिज्ञापत्र दुसऱ्या कागदावर लिहून, त्या विश्वासरावांकडे गेल्या. त्यांणींही पत्ता अपुरा ठरविला.

मग बाईंनीं घरांत हुकूम काढिला. अशी आज्ञा त्यांणीं पूर्वीं कधीं केली नव्हती. हुकूम हा कीं, उद्यांपासून बाबांनीं साडेनवास कचेरींत जावें, धुकें असो वा नसो. जातांना हरिशंकरपुरमवरून विश्वासरावांस घ्यावें. दोघांस स्कूटर नको, ई-रिक्षा लाविली आहे. कानटोपी सोडूं नये. बळवंतरावांनीं विचारिलें कीं, पोतनीस माझ्या तख्तावर बसणार काय. बाई बोलिल्या कीं, विटेच्या बाजूला बसवा. त्यावर वकीलसाहेब पुष्कळ दिवसांनीं हंसले, आणि मुंशी अभिरामांनीं खालीं जाऊन रिक्षांत रिकामाच लाल बस्ता ठेविला.

आतां माघ चालू आहे. दोघेही रोज अकरा नंबरच्या तख्तावर बसतात आणि तीन पायऱ्यांपैकीं मधली खरी कोणाची यावर भांडतात, परंतु समोरून जाणारा पक्षकार नमस्कार करून पुढें जातो, कारण दोघांच्याही तसबिरी भिंतीवर आहेत. हेमांगीबाईंस रोज जाणें होत नाहीं. कन्येस सर्दी आहे. सबब त्यांचा वाचणारांस अर्ज ऐसा कीं, कधीं त्या बाजूस गेलांत तर कडुनिंबाखालीं डोकावून पहावें, दोघे बसलेले आहेत ना. हातीं कांहींतरी कागद असावा. भाडेचिठ्ठी चालेल, विजेचें बिल चालेल. अभिनंदन करूं नये, शालीचा विषय काढूं नये. कागद पुढें करावा आणि वाचून होईतों उभें राहावें.

परवा या, म्हणतील. परवां जावें.